नववी खुंटी

लुओने चहाच्या बरणीच्या गळ्याभोवती तारेचा आणखी एक वेढा दिला आणि ती पाइपाला आवळून टाकली. खाणीतल्या या नाक्यावर सुटं काही ठेवायचं नाही. स्टूल, फोन, पहार, सगळं बांधलेलं. कोळशाची भिंत फुटली की साधा पानाही गोळीसारखा येतो.

त्याच्या पाठीमागे फळीवर नऊ खुंट्या होत्या आणि प्रत्येकीवर आत गेलेल्या माणसाचा फोटो असलेला बिल्ला. सकाळपासून भिंतीत फटाके फुटल्यासारखे आवाज येत होते. तपासणीच्या बारीक भोकातून मर्यादेच्या दुप्पट भुसा निघाला होता आणि ड्रिलचा दांडा दाबाने आतच धरला गेला होता. अशा वेळी भिंतीत जाड भोकं पाडत जायचं, म्हणजे दाबाला पसरायला जागा मिळते. ती पुरी होईस्तोवर कोळसा कापायचा नाही.

बोगद्याच्या वळणावरून आधी उजेड आला, मग उत्पादन सांभाळणारे थांग साहेब.

"भोकं अजून चालूच?"

"निम्मी झालीत, साहेब."

"उरलेली पुढची पाळी पाडेल. मी आत जाऊन कापायचं मशीन सुरू करून देतो. डोक्यावर कोणी उभं राहिल्याशिवाय यांना जमतच नाही."

त्यांनी बिल्ला काढला. हात फळीपाशी जाऊन थांबला.

"नऊ भरलेत," लुओ म्हणाला.

"मला सांगताय?" शेजारच्या बोगद्यातल्या अपघातानंतर ही फळी थांग साहेबांनीच लावून घेतली होती. वर लाल अक्षरं होती: दहावा माणूस आत जाणार नाही, कोणीही असो. "काढा मग एकाला बाहेर. कोणालाही."

लुओने रिसीव्हर उचलला. बिल्ल्यांवरून वरून खाली नजर फिरवली, मग पुन्हा एकदा. आत कुठेतरी जड काही आपटल्यासारखा आवाज झाला. छताच्या जाळीतून भुकटी बरणीच्या झाकणावर पडली. थांग साहेबांनी वर पाहिलं.

"हाइमिंगला पाठवा."

पलीकडे हशा उठला. "काय लुओकाका, जावयासाठी मांथौ पाव गरम करून ठेवलेत वाटतं?"

"पाठव म्हटलं ना."

थांग साहेब हसले. "मुलीचे दिवस भरत आलेत, नाही का? समजतं हो."

लुओचे कान तापले.

हाइमिंग आला तो संतापूनच. त्याने आपला बिल्ला ओढून काढला, त्याच खुंटीवर थांग साहेबांनी स्वतःचा अडकवला आणि ते आत गेले.

"बाबा, आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"बस. चहा घे."

"वेईकाकांना बोलवायचं होतंत! सकाळपासून छातीला हात लावून काम करताहेत ते. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

हाइमिंग बसला नाही. बरणीलाही त्याने हात लावला नाही. थोड्या वेळाने फोन वाजला.

"लुओ," थांग साहेबांचा आवाज. "मशीन चालवायचा परवाना या पाळीत कोणाकडे आहे?"

"हाइमिंगकडे, साहेब."

"आणि दुसरा?"

"रजेवर आहे. रजेच्या अर्जावर सही तुमचीच."

"बरं. पाठवा त्याला."

"खुंट्या भरल्यात, साहेब. तुम्ही बाहेर आलात तर एक रिकामी होईल."

पलीकडे फोन ठेवला गेला नाही. मागे पाण्याचा फवारा सुरू झाला, ड्रिलने भिंत धरली. मग साहेबांचाच आवाज, रिसीव्हरपासून लांब, चिडका: "हं, पुढचं भोक कुठे घ्यायचंय? दाखवा."

लुओने फोन ठेवला. हाइमिंग त्याच्याकडे बघत होता.

"म्हणजे मशीन बंद राहावं म्हणून बोलावलंत मला."

लुओची नजर फळीवरच्या वेईच्या बिल्ल्यावर, त्यातल्या फोटोवर होती.

"त्यासाठीच ना, बाबा?"

लुओ खाली वाकला आणि आधीच आवळलेली तार पुन्हा पिळू लागला.