पिवळ्या रेघेवरचा सांधा

सूर्याची शक्ती लोखंडी पिंपात कोंडायची, तीही एका खोलीत मावेल एवढ्या भट्टीत! कल्पना झकास. पण पिंप सरकार आणि कंपनी यांच्या भागीदारीतलं, आणि ही भागीदारी म्हणजे तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना. शेवटी शेडच्या फरशीवर पिवळी रेघ मारली. अलीकडचं अर्धं पिंप सरकारचं, पलीकडचं कंपनीचं.

गळतीवाला सरकारी बाजूचा. पिंपातली हवा उपसली की ती परत कुठून शिरतेय ते हुडकायचं, हे त्याचं काम. सहा वर्षं कंत्राटावर काढली होती. यंदा कायम करायचं साहेबांनी कबूल केलं होतं, आणि त्या भरवशावर बायकोने मुलीला कॉलेजात घातलं होतं. अट एकच, रेघ ओलांडायची नाही.

उद्यावर चाचणी आली आणि पिंपात हवा शिरतच होती. त्याने अलीकडचं अर्धं तपासलं, ठणठणीत. पलीकडचं कंपनीत असलेल्या त्याच्या मेव्हण्याने तपासलं, तेही ठणठणीत.

"दाजी, मधला सांधा तुमच्याकडेच ना?" मेव्हण्याने विचारलं.

"मला वाटलं तुमच्याकडे."

सांधा बरोब्बर रेघेवर होता. गळतीवाला परवानगी मागायला दोन्ही साहेबांकडे गेला. सही केली तर सांधा आपला ठरतो, उशीरही आपल्याच माथी येतो. म्हणून दोघांनी कागद एकमेकांकडे पाठवला. चार हेलपाट्यांत बिचाऱ्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

दुपारी शेड जेवायला गेली तेव्हा त्याने सांध्यावर हेलियमची नळी फिरवली; फट असली की हा वायू आत शिरतो आणि यंत्र ते लगेच दाखवतं. यंत्राचा काटा टुणकन उडाला. झालं होतं असं, की सरकारी माणसांनी करारानुसार बोल्ट अर्धेच आवळून उरलेलं काम कंपनीवर सोडलं होतं, आणि कंपनी ते सगळे आवळलेत असं धरून चालली होती. धन्य ती शहाणी मंडळी! चौसष्ट बोल्ट, त्यातले बत्तीस रेघेपलीकडून आवळायचे. त्याला मुलगी आठवली. तरी पाना घेऊन तो पलीकडे गेला, आणि केलं ते सगळं वहीत खरंखरं लिहून मोकळा झाला.

चाचणी झक्क पार पडली. टाळ्या झाल्या. मग दोन्ही साहेबांनी त्याला बोलावलं.

"काम उत्तम केलंस," सरकारी साहेब म्हणाले, "पण रेघ ओलांडलीस. आता कायम करता येणार नाही."

त्याने कंपनीच्या साहेबांकडे पाहिलं. "आमच्या भागाला परक्याने हात लावला," ते म्हणाले, "आम्हालाही घेता येणार नाही." दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय!

"मग हवा शिरू द्यायला हवी होती का?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा दोघे एका सुरात बोलले.

"हे लेखी विचार."

तो बाहेर बाकावर बसला, कागदावर 'प्रति' लिहिलं. पुढे कोणाचं नाव घालायचं ते सुचेना. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"झालं का कायम?" तिने विचारलं.

"चाचणी झाली," तो म्हणाला. "बाकीचं मलाच अजून समजत नाहीये."