थोरलीचा निरोप

आमच्या कंपनीचं सगळं काम एकाच अवाढव्य जुन्या सॉफ्टवेअरवर चालायचं. आम्ही त्याला थोरली म्हणायचो. तिचं दुखणंखुपणं बघायला मी एकटीच. त्यामुळे रजा मागितली की साहेबांचं पालुपद ठरलेलं, "थोरली बंद होऊ दे, मग जा कुठेही."

शेवटी रक्त आटवून तिची कामं सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅम्समध्ये वाटली. प्रत्येकीची टीम वेगळी, चूल वेगळी. आज केक कापला आणि मी थोरली बंद केली. लगेच नवऱ्याला फोन केला, "बॅग भर!"

फोन ठेवते न ठेवते तोच सगळे स्क्रीन लाल. ऑर्डर निघेना, बिल बनेना. थोरलीतले किचकट नियम पुन्हा लिहायचा प्रत्येक टीमने कंटाळा केला होता. सगळ्या सर्व्हिसेस गुपचूप थोरलीलाच विचारत होत्या. चुली वेगळ्या मांडल्या, पण मीठ हिच्याच घरचं!

मनातल्या मनात शिव्या घालत मी थोरली पुन्हा चालू केली. साहेबांनी फळ्यावर नव्या सर्व्हिसेसच्या रांगेत आणखी एक चौकोन काढला आणि त्यात थोरलीला कोंबलं.

"झाली की नाही हीसुद्धा नवी?" ते म्हणाले.

मग चौकोनाखाली, टीमच्या जागी, त्यांनी माझं एकटीचं नाव लिहिलं.