बुडालेल्या बांधावरची मरळ

कडूबानं काठी डोक्यावरून फिरवली आणि गळाला बांधलेला रबरी बेडूक पाण्यावर भिरकावला. बेडूक शेवाळाच्या पलीकडं पडला, दोन उड्या मारून थांबला. बेडूक असा थांबला की मरळ धावून येते. भुकेनं नव्हे. आपल्या जागेवर कुणी परका येऊन निवांत बसलाय, हे तिला सोसत नाही. या बाबतीत मरळीचं आणि कडूबाचं पहिल्यापासून एकमत होतं.

"बांधाच्या तिकडं टाक," समोरून तातेराव ओरडला.

"तिकडंच हाय. डोळे तपासून घे."

"तुझा बेडूक माझ्या वावरात उड्या मारून राह्यला!"

वावर कुठंच नव्हतं. होतं ते चैत्रातलं गुडघाभर पाणी. दोघांची वावरं आणि मधला बांध पाझर तलावाखाली जाऊन चार वर्षं झाली होती. त्या बांधावरून अंबडच्या कोर्टात दावा चालू होता तो त्याच्याही आधीपासून. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं तलावाचं काम काढलं, तेव्हा दोघांनी एकाच टोळीत मातीच्या पाट्या वाहिल्या आणि ज्या बांधापायी एकमेकांची डोकी फोडली होती, तो आपल्याच हातांनी बुडवला. दावा मात्र बुडाला नाही. जमीन आता सरकारची झाली, भांडायला काही उरलं नाही, असं सांगून सांगून दोघांचेही वकील थकले होते.

वकिलाच्या बोलण्यातून कडूबानं एकच शब्द उचलला होता, वहिवाट. जागा जो वापरतो, जागा त्याची. पाण्याखाली नांगर चालत नाही, म्हणून तो बुडालेल्या बांधावर गळ टाकू लागला. ही बातमी गावात फिरायच्या आत तातेरावही काठी घेऊन समोर उभा राहिला. तातेरावच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासळीचा वास आला तरी तो उपरणं नाकाला लावायचा.

"माळकरी माणूस अन् मासे धरून राह्यला?" कडूबानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मासे कोन धरतंय? मी वहिवाट धरून राह्यलो."

कडूबाचा बेडूक त्याच्या डाव्या चपलेच्या टाचेतून कापलेला होता, पाय सायकलच्या ट्यूबचे. उजवी चप्पल एका लग्नाच्या मांडवाबाहेरून गेली होती. एकच चप्पल चोरणारा माणूस कसला असेल, यावर त्यानं बराच विचार केला होता. उत्तर न मिळाल्यावर उरलेल्या चपलेचा बेडूक केला. तातेरावचा बेडूक कशाचा होता ते कळायला मार्ग नव्हता. त्यानं तो दाराच्या हिरव्या रंगानं रंगवला होता.

आता तो हिरवा बेडूक हवेतून आला आणि नेमका कडूबाच्या बेडकाला खेटून पडला. दोन बेडूक बांधावर खांद्याला खांदा लावून बसले. क्षणभर सगळं शांत झालं.

मग पाणी फुटलं. काळं, मांडीएवढं जाड काहीतरी वर आलं आणि दोन्ही बेडकांसकट खाली गेलं. दोन्ही काठ्या एकदमच वाकल्या.

"सोड!" तातेराव ओरडला.

"तू सोड! माझ्या बेडकावर आली ती."

"तुझ्या बेडकाला कुत्रं हुंगत न्हाई!"

कुणीच ओढेना. जोरात ओढावं तर दोरी तुटायची. सैल सोडावं तर दावा गेलाच. दोघं ताठ दोऱ्या धरून, एकमेकांच्या आयांचा उद्धार करत, भर पाण्यात उभे राहिले.

कडूबाची बायको कौसल्या धुण्याची बादली घेऊन काठावर आली. तिनं एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला.

"अवं, आज तारीख हाय न्हवं? गाडी यायचा टाइम झाला."

"मी जाग्यावरून बिलकुल हलनार न्हाई," कडूबा म्हणाला.

"मंग साहेबालाच पान्यात बोलावते. तातेरावभाऊ, तुमच्या बाजूला खुर्ची टाकू का यांच्या?"

तातेरावनं हे मनावर घेतलं. "मासाच नेऊ कोर्टात. जित्ता. गळ कोनाचा बराबर बसला, ते साहेब बघतील."

"चल," कडूबा म्हणाला. तातेरावच्या तोंडून शहाणपणाचं काही निघालं, याचा त्याला रागच आला.

दोघं एकेक पाऊल सरकत बांधापाशी आले. एकाच वेळी, कारण आधी पोचणारा दुसऱ्याच्या हद्दीत गेल्यासारखा दिसला असता. कौसल्यानं धुणं काठावर ओतलं. मरळ बादलीत वेटोळं करून बसली. तिच्या तोंडातून काठ्यांपासून तोडून घेतलेल्या दोन दोऱ्या निघाल्या, एक या मुठीत, एक त्या. बादलीवर कौसल्याचं ओलं लुगडं पडलं.

कंडक्टरनं लुगडं उचललं आणि परत ठेवलं.

"काय हाय हे?"

"पुरावा."

"अन् दोऱ्या कशाला? लगीन लावून आले काय दोघं?"

गाडीत हसू पिकलं. कंडक्टरनं तिकिटाचा पंच वाजवला. "मासा कोनाचा ते बोला. सामानाचं तिकीट त्याच्या नावावर फाडतो."

"तेच ठरवायला चाललो!" दोघं एकदम म्हणाले आणि एकदम बोलल्याबद्दल एकमेकांकडं खाऊ की गिळू बघू लागले.

एवढ्या तारखा झाल्या, पण कडूबा कायम ड्रायव्हरच्या मागं बसायचा आणि तातेराव शेवटच्या सीटवर. आज दोऱ्या आखूड होत्या, म्हणून दोघं एका बाकड्यावर आले. बादली पायांमध्ये. तातेराव पहाटेपासून पाण्यात होता. गाव मागं पडलं तशी त्याची मान कलली, तोंड उघडलं आणि डोकं कडूबाच्या खांद्यावर येऊन पडलं. कडूबानं खांदा झटकला. डोकं परत आलं.

पुढच्या खड्ड्यात गाडी आदळली, पाणी उसळलं. कडूबानं लुगडं बाजूला केलं. हिरवा बेडूक उताणा तरंगत होता. त्याचा गळ मोकळा होता. मरळीच्या तोंडात आता एकच गळ होता.

कडूबाचा.

त्यानं हिरवा बेडूक पाण्यातच बोटानं फिरवला. मरळीच्या दातांनी पोटावरचा रंग सोलला होता. आतून निळं रबर दिसत होतं आणि रबरावर एक काळा डाग. बाभळीचा काटा मोडला होता तिथं. कडूबानं स्वतः तापल्या सळईनं ते भोक बुजवलं होतं. उजव्या चपलेच्या टाचेला.

तो बराच वेळ त्या डागाकडं बघत राहिला. मग खांद्यावर घोरणाऱ्या तोंडाकडं बघितलं. करायचं काहीच नव्हतं. नुसतं लुगडं झाकून बसायचं होतं. एक मासा, एक गळ, एक मालक. साहेबाला चष्माही लागला नसता.

कंडक्टर दारापाशी सुट्टे मोजत होता. कडूबानं बाही वर सारली, हात बादलीत घातला आणि मरळीचा जबडा धरला. ती अंगठ्याला कडकडून चावली. त्यानं दात आवळून हिरव्या बेडकाचा गळ परत तिच्या ओठात रुतवला, तातेरावची दोरी ओढून पाहिली. पक्की होती. अंगठा तोंडात धरून त्यानं कोपरानं तातेरावच्या बरगडीत ढोसलं.

"आं? आलं अंबड?"

"दोरी धर नीट. उद्या गावभर सांगशील, कडूबानं झोपेत काढून घेतलं म्हनून."

तातेरावनं दोरी ताणली. पलीकडं मासा होता. त्यानं संशयानं बादलीत डोकावलं, मग कडूबाच्या हाताकडं पाहिलं.

"अंगठ्याला काय झालं?"

"तुला काय करायचंय? आधी हा निकाल लागू दे. मंग तुझ्यावर चपलेचा दावा लावतो."

तातेरावनं दोन्ही पाय हळूच बाकड्याखाली ओढून घेतले.