हाताशी असलेली केबल

मी एक केबल बोलतेय. खरं तर हे सांगायचं नव्हतं. "या खोलीतलं या खोलीतच राहू दे," असं हॅरिएटबाईंनी बजावलं होतं. पण ते माणसांना. केबलला कोण बजावतं?

बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठाच्या तळघरात, थंड झालेले कॉफीचे कप बाजूला सारून, बाईंनी स्वतः डाख देऊन माझी टोकं जोडली. डॉ. हॅरिएट लुंडग्रेन त्यांचं नाव. त्यांचा हट्ट एकच. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि जी वाट मोकळी असेल तिनं सोडायचे. एक वाट तुटली तरी निरोप पोचला पाहिजे.

टेलिफोन कंपनीचे मिस्टर प्रुइट हसायचे. "बाई, तार तुटली की बोलणं तुटतं. माझी हयात गेली यात."

आमच्या संगणकातून दोन केबल निघत. मी दाराकडे, माझी बहीण कपाटामागे. दोघींच्या वाटा वेगळ्या, पण दोन्ही कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या संगणकाला पोचणाऱ्या. प्रुइट आणि इतर पाहुण्यांसमोर, निरोप येत असताना एक केबल उपटून दाखवायची होती. त्याच्या सरावात बाईंचा सहकारी ऑटिस दर वेळी मलाच उपटायचा. माणसं हाताशी असेल तेच उपटतात.

प्रयोगाच्या सकाळी बाई एकदम थबकल्या. "ऑटिस, ती मागची कधी काढून पाहिलीस?"

"ते कपाट कोण सरकवणार?"

"म्हणजे नाही."

पाहुणे जिन्यात आले होते. आज फसलं तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं. तेव्हाच बाई ते खोलीतलं खोलीत ठेवायचं बोलल्या.

कॅलिफोर्नियाहून निरोप सुरू झाला. छापणारं यंत्र टकटकू लागलं. प्रुइटनी माझी मान धरली आणि सोडली.

"ही तुमची पढवलेली पोपटीण दिसते. मी माझी निवडतो."

कपाट खरखरत सरकलं. बहीण उपटली गेली.

टकटक शब्दाच्या मध्येच थांबली. ऑटिस बोटं मोडू लागला. बाईंनी माझ्यावर हात ठेवला. "चल गं," त्या पुटपुटल्या.

माझ्या अंगातून काहीच जात नव्हतं. मग दूरच्या टोकाला एक धक्का बसला. एक तुकडा आला. मागून आणखी, उलटसुलट, ढकलाढकली करत. बहिणीचं सगळं ओझं माझ्यावर. यंत्रानं अर्धा शब्द पुरा केला, मग ओळ, मग निरोप.

प्रुइटनी कागद पुन्हा वाचला. "भिंतीत तिसरी तार नाही ना?"

"कपाट सरकलेलंच आहे," बाई म्हणाल्या. "बघून घ्या."

आता बाईंचे केस पांढरे झालेत. निरोप तारेशिवायही जातात. तरी त्या आम्हा दोघींना वर्गात आणतात, जोडतात आणि मुलांना सांगतात, "आधी मागची काढून पाहा." मीही तुम्हाला तेवढंच सांगते. जे हाताशी नाही, ते आधी तपासा.

आजही वर्ग भरलाय. बहिणीला काढून पुन्हा जोडून झालं. बाईंची बोटं माझ्या मानेशी आली आहेत. "आता तुझी पाळी, ये," त्या म्हणताहेत. तुम्ही जाऊ नका. माझं उरलेलं बोलणं दुसऱ्या वाटेनं तुमच्यापर्यंत