खोका पोचला का?

मित्रांनो, माझ्या पोटावर टेबलफॅनचं चित्र आहे, पण त्यावर जाऊ नका. तो पंखा केव्हाच भंगारात गेला. मी मात्र टिकून आहे. मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे.

माझा जन्म कागदाच्या लगद्यातून झाला. त्या लगद्यात जुनी वर्तमानपत्रं होती, लग्नपत्रिका होत्या आणि एका शाळेतले गणिताचे नापास पेपर होते. म्हणून की काय, माझ्या चार बाजू आजतागायत एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.

ज्या घरी पंखा आला, तिथले वडील पंखा बाहेर काढल्यावर मला फेकायला निघाले होते. आईनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे. लागेल कधीतरी."

या एका वाक्यावर मी माळ्यावर कित्येक वर्षं काढली. तिथे माझ्यासारखे 'लागेल कधीतरी'वाले पुष्कळ होते. एका कानाची कढई होती, दांडा नसलेली छत्री होती. आम्ही कुणालाच लागत नव्हतो, पण आशा सोडत नव्हतो.

मग त्या घरातला मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला. त्याला घरात सगळे कुंभकर्ण म्हणत. आईनं पांघरूण ओढल्याशिवाय तो आयुष्यात कधी उठला नव्हता. तिकडे पांघरूण ओढायला कोण असणार? रोज उशीर होऊ लागला, साहेब कुरकुरू लागला. हे कळलं त्याच दिवशी आईनं मला माळ्यावरून उतरवलं.

"बघा! म्हटलं नव्हतं, लागेल म्हणून?" ती वडिलांना म्हणाली. माझी छाती तेव्हा जी फुगली ती अजून बसलेली नाही.

आईनं तळाशी काचेची बरणी ठेवली. तिच्याभोवती मोजे, वर सुया, दोरे, बटणं आणि स्वेटर.

"तिकडे सुया मिळत नाहीत वाटतं?" वडील म्हणाले.

"मिळतात. पण याला सापडणार आहेत का?"

स्वेटरच्या घडीत, अगदी मधोमध, सेलवर चालणारं गजराचं घड्याळ बसलं. त्याचा गजर वडिलांनी स्वतः लावला. "बायकांना त्यातलं कळत नाही," असंही वर म्हणाले. मग त्यांनी मला चिकटपट्टी गुंडाळायला सुरुवात केली. उभी, आडवी, तिरकी. रीळ संपलं तेव्हाच थांबले. एवढ्या पट्ट्या मोडक्या हातालासुद्धा कुणी बांधत नाही.

विमानातला प्रवास मी सांगत नाही, कारण मी उलटा होतो.

पोचलो तेव्हा मुलगा कामावर गेला होता. कुरिअरवाल्यानं दाराला चिठ्ठी चिकटवली, ती वाऱ्यानं नेली. मला त्यानं तळमजल्यावरच्या सलूनमध्ये ठेवलं, तेही पत्त्याची बाजू खाली करून. सलूनवाला भला माणूस होता, पण विसराळू. त्याच्या खुर्चीचा पाय ठेवायचा दांडा तुटलेला होता. एके दिवशी त्याची नजर माझ्यावर पडली आणि माझी नेमणूक झाली. मित्रांनो, एका आईचं काळीज पोटात घेऊन मी गिऱ्हाइकांचे बूट सोसत होतो.

तिकडे घरी रोज एकच प्रश्न. खोका पोचला का? मुलानं कुरिअरवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, केव्हाच पोचवला. हे घरी सांगावं तर वडील कुरिअरच्या ऑफिसात जाऊन खुर्च्या मोडतील आणि आई जेवण सोडील. शेवटी मुलानं एकदाचं सांगून टाकलं, "पोचला, पोचला."

हे मला कळलं ते एका संध्याकाळी. डोक्याचं जंगल झालं म्हणून मुलगा सलूनमध्ये आला, खुर्चीत बसला आणि त्यानं आपले दोन्ही पाय माझ्यावर ठेवले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात कापडाखाली होते, म्हणून सलूनवाल्यानं फोन आरशापुढे उभा केला आणि आवाज मोठा केला. आई तिकडे पहाटे उठल्याउठल्या फोन करायची.

"स्वेटर बसला का रे?"

"बसला की. अगदी मापात."

"आणि मधली वस्तू?"

मुलाच्या टाचा माझ्या पाठीत रुतल्या.

"मधली... ती तर फारच छान आहे."

"वापरतोस का?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"वस्तू कुठली ते सांग बघू," मागून वडिलांचा आवाज आला.

"बाबा, तुमचा आवाज तुटतोय."

"तुझा तर खणखणीत येतोय!"

आता बिंग फुटणार, म्हणून माझ्याच कडा घामेजल्या. आई किती दिवस आनंदात होती, तो आनंद असा मातीत जाणार! आणि त्याच क्षणी माझ्या पोटात गजर झाला. तो रोज याच वेळी व्हायचा. सलूनवाल्याला वाटायचं, शेजारच्या दुकानात वाजतंय. मुलगा मात्र पाय भाजल्यासारखा उडाला.

"अगंबाई, वाजतंय! ऐकलंत का?" आई ओरडली.

"वाजणारच. मी लावलाय," वडील म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण तिकडे आत्ता संध्याकाळ ना?"

"अहो, तुम्ही आपल्याच घड्याळावर लावलात! पोराला संध्याकाळी उठवताय?"

वडील गप्प झाले. ही घटना त्या घरात क्वचितच घडते. मुलगा एव्हाना जमिनीवर बसून, मला उलटवून माझा पत्ता वाचत होता. अर्ध्या कापलेल्या केसांनी त्यानं मला मिठी मारली. सलूनवाल्याला सगळं उमगलं. त्यानं कात्री उचलली आणि वडिलांच्या पट्ट्या कापायला घेतल्या. कर्र... कर्र...

"कसला रे आवाज?" आईनं विचारलं.

"केस कापतायत, आई."

 आई अगदी शांतपणे म्हणाली, "जपून काप म्हणावं त्याला. तळाशी काचेची बरणी आहे."

त्यानंतर तिनं हा विषय कधीच काढला नाही.

आता मी मुलाच्या खाटेशेजारी टेबल म्हणून नोकरीला आहे. माझ्या डोक्यावर ते घड्याळ असतं. त्याची वेळ मुलानं अजून बदललेली नाही. तो सकाळी उशिराच उठतो, साहेब कुरकुरतोच. पण संध्याकाळी गजर झाला की हातातलं काम टाकून फोनजवळ बसतो. घरी आई उठलेली असते.

मित्रांनो, रिकामा खोका फेकू नका, तो लागतो कधीतरी. आणि घरून आलेलं काही सापडत नसेल, तर इकडेतिकडे धावण्याआधी एकदा आपल्या पायांखाली बघा.