सव्वातीन म्हणजे चार

बेस गिटार वाजवणारा माणूस माझ्या दुकानात आला की आधी अँपकडे बघतो. चकचकीत बटणं दिसली, निळा दिवा लागला, की स्वारी खूश. खालच्या बॉक्सकडे कुणी ढुंकून बघत नाही. अरे, आवाज त्या बॉक्समधून यायचाय ना? पण नाही. नवरदेव गोरा आहे ना, मग घर बघायला कशाला जायचं, त्यातली गत.

ते घर बघायचं काम माझं. अँप आणि स्पीकरचे बॉक्स आम्ही भाड्याने देतो, आणि कुठल्या अँपखाली कुठला बॉक्स ठेवायचा ते एकतीस वर्षं मी ठरवते. बॉक्स आमच्या ह्यांच्या हातचे. हे सुतार. प्लायवूड कापायचे, सांध्यात सरस भरायचे, वरून काळं कापड ताणायचे, कोपऱ्यांना पत्रा ठोकायचे आणि मग बॉक्सवर बुक्की मारून कान लावायचे. कुठे खुळखुळलं तर पुन्हा सगळं उघडायचे. हे जाऊन सात वर्षं झाली. मागे आठ बॉक्स आणि मी, नऊजण अजून खणखणीत आहोत.

जोडी लावायचं शास्त्र मी तिसरीत शाळा सोडलेली बाई सांगते, ऐका. अँप म्हणजे घरातली रांधणारी. बॉक्स म्हणजे जेवायला बसलेले पाहुणे. बॉक्सला ओहमचा आकडा असतो. आठ ओहमचा पाहुणा बेताने जेवतो. चारचा त्याच्या दुप्पट ओढतो. आकडा लहान तेवढी भूक मोठी, हे उलटं आहे, पण आहे. आमच्या मोठ्या अँपला आठचे दोन पाहुणे झेपतात, नाहीतर चारचा एक. चारचे दोन बसवले की ती बिचारी वाढता वाढता कोसळते. झालं शास्त्र. एवढ्यासाठी लोक कॉलेजात जातात.

आता कुठला बॉक्स चारचा आणि कुठला आठचा, हे बाहेरून कळत नाही. घरचे बॉक्स, त्यांच्यावर छापील पाटी कुठून असणार? हे खडूने आकडा लिहायचे, तो चार हात लागले की पुसायचा. म्हणून मी प्रत्येकाच्या मुठीला चिंधी बांधली. लाल ती चारची, निळी ती आठची. एकतीस वर्षांत माझ्या दुकानातून गेलेला एकही अँप जळून परत आला नाही. एकही!

आणि अशा घरात माझी सून ओहम मोजायचा मीटर घेऊन आली.

मुलगी चांगली आहे, उगीच कशाला खोटं बोलू. यंत्रं दुरुस्त करायचं शिकलेली, कामाला वाघ. पण लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिने मीटरच्या दोन काड्या एका निळ्या चिंधीच्या बॉक्सला लावल्या आणि म्हणाली, "आई, सहा दाखवतोय."

"आठ आहे तो."

"हो, आठच आहे. मीटरवर थोडं कमीच—"

"तुझ्या मीटरला भूक लागली वाटतं. दोन खाल्ले त्याने!"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिघं हसली.  सुनेने मीटर पिशवीत टाकला आणि ती पिशवी तेवढी कायम खांद्याला ठेवली. मला वाटलं, जिरली.

आता मुंगीचं सांगते. मुंगी म्हणजे माझी नात, ह्याच सुनेची. वय सतरा, उंची बेताची, बेस गिटार गळ्यात घातली की मागून दोनच पाय दिसतात. पण बोटं बघाल तर! सहा वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत बसून वाजवतेय. भिंतीवरचं घड्याळ चुकेल, तिचा ताल चुकणार नाही. तिला एकच ध्यास, दातांच्या डॉक्टरांच्या बँडमध्ये जायचं. हा डॉक्टर दिवसभर लोकांचे दात काढतो आणि रविवारी ड्रम बडवतो. बँड मात्र नावाजलेला. त्यांचा बेस वाजवणारा गाव सोडून गेला, म्हणून डॉक्टरांनी दोघांना रविवारी अकरा वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बोलावलं. दोन-दोन गाणी वाजवायची आणि त्यातला एक घ्यायचा. एक आमची मुंगी. दुसरा पोस्टातला कारकून. मी त्याला ऐकलंय. शिक्के मारल्यासारखा वाजवतो.

"आजी, मला कुठला बॉक्स देशील?" मुंगी आठवडाभर विचारत होती.

"तुला मी ह्यांच्या हातची सगळ्यात देखणी जोडी देते. हॉलची फरशी हलली नाही तर नाव बदलीन."

आणि त्याच आठवड्यात मला दुर्बुद्धी सुचली. मुंगीचे बॉक्स मळक्या चिंध्या मिरवत लोकांसमोर जाणार? माझं नाक कापलं जाईल! गुरुवारी सकाळी मी आठही बॉक्सच्या चिंध्या सोडल्या आणि एका बादलीत, गरम पाण्यात, साबण लावून भिजवल्या. लाल आणि निळ्या एकत्र. आयुष्यभर दुसऱ्यांना जोड्या लावायला शिकवणारी मी.

दुपारी बादलीतून आठ चिंध्या काढल्या त्या आठही वांग्याच्या रंगाच्या.

मी डगमगले नाही. प्रत्येक बॉक्स मला पाठ होता. वांगी तर वांगी, एक गाठ म्हणजे चार आणि दोन गाठी म्हणजे आठ, असं ठरवून बांधायला बसले. सून दारात उभी राहून बघत होती.

"आई, नक्की आठवतंय ना सगळं?"

"माझ्या पोरांची नावं मला विचारतेस?"

"तसं नाही. मीटर लावून बघू का? पाच मिनिटांचं काम."

"तुझ्या मीटरला अजून भूक आहेच का?"

ती पिशवी खांद्यावर सावरून आत निघून गेली. तिचं हे फार वाईट आहे. भांडली असती तर मी कदाचित लावूही दिला असता.

रविवारी साडेदहाला आम्ही तिघी हॉलवर पोचलो. उंच छत, लोखंडी खुर्च्या, एका भिंतीला पुस्तकांची जुनी कपाटं. मी दोन गाठींचे दोन बॉक्स एकावर एक रचले, वर अँप ठेवला, पहिल्या बॉक्समधून दुसऱ्याला वायर जोडली. डॉक्टर ड्रमचे पेच आवळत होते. पोस्टातला कारकून गिटारची पेटी मांडीवर घेऊन पहिल्या खुर्चीत बसला होता, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसा.

"ही वाजवणार?" डॉक्टरांनी मुंगीकडे बघून विचारलं. "मला वाटलं, शाळेची सहल आलीय."

"डॉक्टर, तुम्ही दात बघून वय सांगता ना? मग तोंड बंद असताना कशाला सांगताय?" मी म्हटलं. ते हसले. मुंगीने सूर जुळवला.

पहिलं गाणं काय वाजलं म्हणून सांगू! पुस्तकांच्या कपाटांच्या काचा थरथरायला लागल्या. बँडमधली गाणारी बाई मान वळवून मुंगीकडे बघायला लागली. डॉक्टरांचा ड्रमच्या पेडलवरचा पाय जरा घाईत असतो, त्याला मुंगीने असं अलगद आवरलं की त्यांनाही कळलं नाही. कारकुनाचा चेहरा उतरला. मी छाती काढून बसले.

दुसरं गाणं निम्म्यावर आलं असेल. अँपच्या आतला पंखा किंचाळायला लागला. निळा दिवा लाल झाला आणि आवाज गप्प. ड्रम चार ठोके एकटेच पुढे गेले आणि थांबले.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"अँप बंद पडला," मुंगी म्हणाली. "मी काही केलं नाही. आवाज अर्ध्यावरच होता."

"असं कसं? बटणं पिळली असशील जोरात. नाचता येईना, अंगण वाकडं."

"माझा अँप खाली गाडीत आहे," कारकून लगबगीने उठत म्हणाला. "आणू का? लगेच सुरू करता येईल."

मुंगीचे कान लाल झाले. ती गिटारच्या मागे जेवढी लपता येईल तेवढी लपली. "आजी, खरंच अर्ध्यावरच होता."

मी उठून अँपवर हात ठेवला. तवा नुसता. अँप असा तापतो तो वाजवणाऱ्यामुळे नाही, जेवणाऱ्यांमुळे.  त्या काळ्या जोडीसारखीच हुबेहूब दुसरी जोडी दुकानात होती. ह्यांनी एका महिन्यात चारही बांधले होते, दोन चारचे आणि दोन आठचे. गुरुवारी गाठी मारताना मी पोरांची नावं उलटी घेतली होती.

आता कुणाला काय कळणार होतं? अँप जुना झालाय असं मी म्हटलं असतं, तरी खपलं असतं. पण मग डॉक्टर म्हणाले असते, जुना अँप सांभाळून वाजवता येत नाही का? आणि मुंगी तो ठपका घेऊन घरी आली असती. मी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती. तिला सगळं कळलं होतं.  माझ्यासाठीच गप्प होती ती, आणि तेच मला मिरचीसारखं झोंबलं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "अंगण वाकडंच आहे. मी केलंय वाकडं."

"म्हणजे?"

"पोरीचा दोष नाही. चारचे दोन बॉक्स मी एका अँपला जोडलेत. आठचे समजून. गुरुवारी खुणेच्या चिंध्या धुतल्या, रंग गेला आणि आठवणीवर गाठी मारल्या. हिने," मी सुनेकडे बोट केलं, "मीटर लावू का म्हणून विचारलं होतं. मी लावू दिला नाही."

तापलेला अँप टिकटिक करत होता. एकतीस वर्षांची इभ्रत अशी लोखंडी खुर्च्यांसमोर मांडायला लागेल, असं वाटलं नव्हतं. मांडली. मग उरलेलंही बोलून टाकलं.

"सूनबाई, काढ तुझा मीटर."

तिने काढला. दोन्ही बॉक्स सोडवले, एकेकाच्या वायरीच्या टोकाला काड्या लावल्या. "सव्वातीन," ती म्हणाली. मग दुसरा. "सव्वातीन."

"म्हणजे?"

"म्हणजे चार, आई. मीटरवर नेहमी थोडं कमी दिसतं. स्पीकर वाजत असताना त्याचा आकडा वेगळा, झोपलेला असताना वेगळा. सहा दिसले तर आठ समजायचं, सव्वातीन दिसले तर चार."

"हे लग्नाच्या त्या पहिल्या महिन्यातच सांगायचं नाहीस?"

"सांगत होते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा जरा हसली.

अँप जळला नव्हता, रुसला होता. दहा मिनिटं थंड होऊ दिला तर चारच्या एका बॉक्सवर बिनबोभाट चालणार होता. पण डॉक्टरांनी नाक मुरडलं. "एवढ्या मोठ्या हॉलला एक बॉक्स? मागच्या खुर्चीत ऐकूसुद्धा जाणार नाही."

इथे मात्र मीटरचं काम नव्हतं. "बाजूला व्हा," मी म्हटलं. सुनेच्या मदतीने तो बॉक्स ढकलत थेट कोपऱ्यात नेला, फरशीवर, दोन भिंतींना पाठ लावून. "भिंत फुकटात साथ देते. आमचे हे म्हणायचे, दुसरा बॉक्स नसेल तर कोपरा शोध."

अँपवर निळा दिवा लागला. मुंगीने एक तार छेडली आणि मागच्या ओळीतल्या खुर्च्या झणझणल्या. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. मी त्यांच्याकडे बघणार, एवढ्यात मुंगीच म्हणाली, "आजी, घुमतंय. कोपरा जास्तच साथ देतोय." तिने अँपवरचं खालच्या सुरांचं बटण थोडं मागे घेतलं, पुन्हा तार छेडली, आणखी केसभर मागे घेतलं. आता सूर सुटा, स्वच्छ. मला ते घुमणं ऐकू आलं नव्हतं, कबूल करते.

डॉक्टर बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरं गाणं पहिल्यापासून घ्या."

ते पुरं झाल्यावर कारकुनानेही आपली दोन गाणी वाजवली, त्याच कोपऱ्यात. बिचाऱ्याने त्या बटणाला हातही लावला नाही. शिक्क्यांवर शिक्के.

डॉक्टरांनी ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या आणि मुंगीला म्हणाले, "वाजवणारे पुष्कळ असतात. अँप बंद पडला तरी ओरडली नाहीस आणि परत उठलीस ती आधी ऐकलंस, मग वाजवलंस. बुधवारी संध्याकाळी सहाला तालीम. उशीर चालणार नाही." मग माझ्याकडे वळले. "बॉक्स मात्र सूनबाईंनी तपासलेलेच पाठवा."

"तपासलेलेच येतील," मी म्हणाले. "आणि तुमचा उजवा पाय कोण तपासणार? गाण्याच्या पुढे पळतो तो." गाणारी बाई इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

सोमवारी सकाळी सुनेने आठही बॉक्सना मीटर लावला. त्या चार जुळ्यांचीच नावं उलटी निघाली, बाकी चार मला बरोबर पाठ होते, हे इथे सांगून ठेवते. ती आकडे सांगत गेली आणि मी पांढऱ्या रंगाने प्रत्येकाच्या पाठीवर मोठे काढत गेले. माझा चार जरा वाकडा येतो, पण चारच दिसतो.

"आता त्या वांगी चिंध्या सोडू का, आई?"

"हात लावून बघ."

बुधवारी डॉक्टर बँडसाठी आणखी एक बॉक्स भाड्याने न्यायला आले. मी त्यांच्यादेखत मीटर लावला. त्यांनी वाकून बघितलं. "अहो, हा तर सव्वातीन दाखवतोय. तुम्ही वर चार लिहिलंय!"

"डॉक्टर," मी म्हटलं, "सव्वातीन दिसलं की चार समजायचं. एवढंही कॉलेजात शिकवलं नाही का तुम्हाला?"

मागे सूनबाईला चहाचा ठसका लागला. मी वळून बघितलं नाही.