मावशीचा ‘स’

स्क्रीनवर मावशीचे पुढचे चार दात इतके सुबक दिसत होते की भाची स्वतःवरच खूश झाली. जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूंवर खुंट्या लावून डॉक्टरांनी तोंडाचा स्कॅन घेतला होता. त्यावरून भाचीने लॅबमध्ये डिझाइन केलं आणि नमुन्याचे दात प्रिंट करून दवाखान्यात आणले. हे पास झाले की तसेच पक्के बनवायचे. नमुना चपखल बसला. चावाही चोख.

मावशी गाऊन प्रवचन करायची. आरसा खाली ठेवून तिने सूर लावला, “शोड शारं, श्मर शखा...”

ती थांबली. खोलीत कुणी हसलं नाही, तेच तिला जास्त लागलं.

“जिभेला सवय होईल हळूहळू,” डॉक्टर म्हणाले.

“परवा प्रवचन आहे. देव बोबडं चालवून घेईल हो, तो आईच्या काळजाचा. पण शमोरची माणशं शब्द ऐकायला येतात. माझ्या जागी दुशऱ्या कुणाला तरी बशवते. कायमचंच.”

“कुणाला बसवायचं नाही,” भाची म्हणाली. “चूक माझी आहे. स्कॅन घेतला तेव्हा तू गप्प होतीस. गाताना जीभ कुठे जाते, ते मी पाहिलंच नाही.”

तिने नमुन्याच्या आतल्या बाजूला निळी पेस्ट लावली. “आता म्हण.”

मावशीने ओळ म्हटली. दात काढून पाहिले, तर जिभेने पेस्ट पार पुसून टाकलेली. बाहेरून देखणे करण्याच्या नादात दात आतून जाड झाले होते. भाचीने घासायचं यंत्र उचललं. घासलं, पेस्ट लावली, म्हणायला लावलं. पुन्हा घासलं. डॉक्टरांचा डबा गार झाला.

“अगं, दात शिल्लक ठेवशील ना?”

“तू म्हण.”

एकदा जरा जास्तच घासलं गेलं, ‘स’ची शिट्टी वाजली. “आता गाडी स्सुटेल,” मावशी म्हणाली, तेव्हा कुठे सगळे हसले. भाचीने तिथे रेझिनचा थेंब भरला, दिव्याखाली कडक केला आणि पुन्हा घासायला बसली.

“सोड सारं, स्मर सखा...”

भाचीने हात पुढे केला. “दे इकडे. हाच आकार स्कॅन करून डिझाइनमध्ये घालते. पक्के दात असेच होतील. तोवर परवा हेच घालून गा.”

मावशीने ऐकलंच नाही. डोळे मिटून तिने पुढची ओळ धरली होती. डॉक्टर दाराला टेकून ताल देत होते. भाची स्कॅनर हातात घेऊन ओळ संपायची वाट पाहत उभी राहिली.